वनिताची सपाट लाट

वसमतच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स डिपार्टमेंट म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि तीन माणसं: पाठक सर, त्यांच्याकडं पीएच.डी. करणारी वनिता आणि तिथंच शिकवणारी मी. एवढ्याशा खोलीत काय घडणार, असं लोकांना वाटतं. पण चहाला बसलं की एक किस्सा दुसऱ्याला हाताला धरून घेऊन येतो, आणि चहा गार होतो.

वनिताचा विषय आमच्या हळदीच्या बाजाराच्या गावाला शोभणारा. हळदीच्या भुकटीवर प्रकाश पडला की कणाकणावरून तो कसा विखुरतो, हे कॉम्प्युटरवर बघायचं. स्क्रीनवर एक डबा आखायचा, मधे कण म्हणून एक गोळा ठेवायचा आणि एका बाजूनं प्रकाशाची लाट सोडायची. लाट मात्र सपाट हवी. प्लेन वेव्ह.

"सपाट कशी असंल सर? पाण्यात खडा टाकला की लाट गोलच निघती." वनिता सिद्धेश्वर धरणाजवळच्या खेड्यातली, पाणी बघतच वाढलेली.

सर म्हणाले, "धरणात खडा टाक आणि पार पलीकडच्या काठावर जाऊन बघ. लांबून आलेली लाट सरळच वाटते."

"सर, मी पलीकडं पोचेपर्यंत ती येऊन गेलेली असंल."

सर दिवसभर मधूनमधून हसत होते.

*

पहिल्यांदा तिनं लाट सोडली तेव्हा गोळ्यावर काहीच आलं नाही. सकाळपासून प्रोग्रॅम चालू, गोळा आपला जागेवर शांत. शेवटी सापडलं: दिशेच्या आकड्यात एक उणे चिन्ह जास्तीचं पडलं होतं. लाट उलटी फिरून डब्याबाहेर निघून गेली होती.

वनिता रडवेली झाली. सर म्हणाले, "अगं, पाहुणे स्टँडवरूनच परत गेले. घरच्यांचा काय दोष? पत्ता नीट दे, येतील."

*

लाट उभी डोलते की आडवी, हेही आधी सांगावं लागतं. ते समजावायला सरांनी व्हरांड्यात दोरी आणली. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. तेवढ्यात प्राचार्य आले.

"काय चाललंय हे?"

"पोलरायझेशन. मॅडमचा हात दुखतोय, जरा धरता का?"

प्राचार्यांनी धरली. वर्ग सुटेपर्यंत धरून होते बिचारे!

*

नंतर सरांनी सांगितलं, आता गोळा काढून टाक. डबा रिकामा ठेवून लाट सोड. मधे काही नसेल तर काही विखुरणार नाही, म्हणून फक्त विखुरलेला प्रकाश मोजणाऱ्या बाहेरच्या चौकटीत शून्य यायला हवं. तिथं काही दिसलं तर आपली लाटच खोटी.

त्या दिवशी वनिताची आई बाजाराला आली होती, ती लेकीला भेटायला खोलीत येऊन बसली. चौकट कोरीच राहिली. वनिता टाळ्या पिटायला लागली.

"काहून गं? काय आलं?"

"काहीच न्हाई आलं, आई."

माउली विचारात पडली. मग पिशवीतून लाडवांचा डबा काढून सरांपुढं धरला. "घ्या सर. पोरीला काहीच न्हाई आलं."

*

पुढं एकदा वनिता सरांना रंगीत चित्रं दाखवत होती. मधेच स्क्रीन काळी झाली. सर म्हणाले, "छान, पुढचं दाखव."

त्या दिवसापासून वनिता चित्रं दाखवायच्या ऐवजी सांगायला लागली. "सर, लाट डावीकडून येऊन राहिली. आता गोळ्याला भिडली. मागं सावली पडली बघा."

सरांना काचबिंदू होता. आमच्यापासून लपवला होता. उरलेली नजरही जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी वनिताला बोलावलं. "तू दुसरा गाइड बघ. मला तुझं काम दिसत नाही."

वनिता म्हणाली, "बघायला मी हाय सर. तुमी नुसतं विचारत ऱ्हावा."

सर खिडकीकडं तोंड करून बसले. मग म्हणाले, "सावली किती लांब पडली होती?"

*

वनिताचं काम पुरं झालं तोवर सरांना काहीच दिसत नव्हतं. शेवटचं चित्र तिनं पुठ्ठ्यावर केलं, जाड दोरे चिकटवून. डावीकडं सपाट लाटेचे सगळे दोरे सरळ, एकाशेजारी एक. मधे पिठाचा वाळवलेला गोळा, आणि त्याच्यापुढं दोरे वाकत, फाटत गेलेले. तिनं सरांचा हात धरून पुठ्ठ्यावर ठेवला.

सरांची बोटं सरळ दोऱ्यांवरून वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. गोळ्याकडं काही सरकेनात.

वनितानं हळूच सांगितलं, "सर, गोळा पुढं हाय."

"माहीत आहे गं," सर म्हणाले. "जरा इथंच थांबू दे."