आप्पांचा निरोप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, पण म्हणून जवळ सरकून बसू नका. खांद्यावर हात ठेवून 'जाऊ दे रे, होतं असं' म्हणणारी माणसं आमच्या शिवाजी पेठेत पैशाला पासरी मिळतात. मला त्यातलं आणखी एक नको आहे.

मी गोलकीपर होतो. आता उद्यमनगरात लेथवर काम करतो, पोट सुटलंय, गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो. तरीही तालमीत गेलो की लोक उठून खुर्ची देतात. बाहेरच्या पाहुण्याला माझी ओळख करून देताना आवाज खाली आणतात — "ह्यानंच त्या कोरोनात फुटबॉल थांबवला. बाप गेलता, तरी आधी पेठेचा विचार केला गड्यानं." मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, नम्र आहे.

नम्र? मला त्या खुर्चीची किळस येते. आणि तरी मी तीत बसतो, दरवेळी.

तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर एवढं सांगायला हवं की इथं फुटबॉल हा तालमींचा असतो. पेठेतली तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. संघ तालमीचा, जर्सी तालमीची, खेळाडूंचं खाणंपिणं तालमीचं. हंगामापुरते बाहेरून खेळाडू आणतात, अगदी परदेशातूनसुद्धा. हरलात तर दुसऱ्या दिवशी दूध आणायला जायची चोरी. माझे वडील, आप्पा, याच तालमीचे गोलकीपर. त्यांच्यानंतर मी. माझ्यानंतर कोण, हा प्रश्न मला कुणी विचारलेला आवडत नसे.

मग रणजित आला. शिरोळचा, बावीस वर्षांचा, उसाच्या फडातून उठून सरळ गोलपोस्टमध्ये उभा राहिल्यासारखा. चपळ म्हणजे किती चपळ! सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, माझ्या पाया पडायचा, मला 'दादा' म्हणायचा. खरं सांगू? मी त्याचा द्वेष करायचो. साधा हेवा नव्हे. त्याचा पाय मोडावा असं मनात म्हणत मी त्याला पाण्याची बाटली द्यायचो. आणि आप्पा रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला कट्ट्यावर बसून त्याचा सराव बघायचे. माझा पंधरा वर्षं बघितला होता, तो बघून झाला होता बहुतेक.

त्या वर्षी उपांत्यपूर्व सामन्यात माझ्या काखेतून बॉल गेला. लेकराच्या हातून सुटावा तसा. गॅलरीतून आवाज आला — आपल्याच पेठेच्या गॅलरीतून — "काकाला घरला घालवा!" आणि सगळे हसले. मध्यंतरानंतर मला बसवलं, रणजितला उतरवलं. त्यानं एक पेनल्टी अडवली आणि आम्ही जिंकलो. मिरवणुकीत गुलालानं माखलेला तो पुढं होता आणि मी मागं चपला शोधत होतो.

त्याच सामन्याला गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबचा माणूस आला होता. रणजितला म्हणाला, सेमीफायनल बघायला परत येतो, तिथं असाच खेळलास तर करार करू. त्यांना तेवीसच्या आतला गोलकीपर हवा होता. म्हणजे एक सामना. त्या पोराच्या आयुष्यात आणि पगारी फुटबॉलमध्ये एकच सामना राहिला होता.

आणि त्याच आठवड्यात सगळं बंद झालं.

बंद म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत आहे. ते सगळं पुन्हा उगाळत नाही. पावसाळा सरता सरता आप्पांना ताप आला, मग दम लागला, मग कोविड सेंटर. तिथून आठव्या दिवशी गेले. आम्ही लांब उभे राहून पिशवी बघितली. त्यात आप्पा होते असं आम्हाला सांगण्यात आलं.

जाण्याच्या आदल्या दुपारी त्यांचा फोन आला होता. व्हिडिओ कॉल. तिथल्या सिस्टरनं फोन धरला होता. मी कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटा होतो. तो फोन फक्त मी ऐकला. हे ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी प्रतिष्ठा ह्या एका गोष्टीवर उभी आहे.

दिवाळीनंतर रोगाचा जोर ओसरला. फुटबॉल संघटनेनं ठरवलं, अर्धवट राहिलेली स्पर्धा पुरी करायची. रिकाम्या स्टेडियममध्ये, प्रेक्षकांशिवाय. पण उरलेल्या चारही तालमींनी लेखी संमती द्यायची. एकानं जरी नाही म्हटलं तरी स्पर्धा रद्द. तिघांनी दिली. राहिलो आम्ही.

बैठक रविवारी सकाळी तालमीत बसली. तोंडाला रुमाल, लांब लांब सतरंज्या. वस्ताद, म्हणजे आमच्या तालमीचे प्रमुख, खेळायच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: बाहेरून आणलेली पोरं आठ महिने इथं अडकून पडलीत, खेळ हेच त्यांचं पोट आहे. बाजार उघडला, लग्नं सुरू झाली, मग बावीस माणसांनी बॉल मारला तर काय आभाळ कोसळतं? दुसरी बाजूही चुकीची नव्हती. स्टेडियम रिकामं ठेवाल, पण बाहेरच्या गच्च्या, झाडं आणि भिंती कशा रिकाम्या ठेवाल? जिंकल्यावर पेठ घरात बसेल? आणि मग घराघरात म्हातारी माणसं आहेत, त्यांचं काय? तासभर वाद झाला. निम्मे इकडं, निम्मे तिकडं. रणजित कोपऱ्यात दाराशी उभा होता. गोव्याचा माणूस अजून त्या सेमीसाठी थांबला होता. पण रणजितला बोलायचा हक्क नव्हता, तो बाहेरचा खेळाडू. हात पाठीमागं बांधून तो फक्त तोंडं बघत होता, जो बोलेल त्याचं.

आमच्या तालमीत एक रीत आहे. जुना खेळाडू वारला की पुढच्या बैठकीत त्याच्या घरचा माणूस मारुतीसमोर उभा राहतो आणि त्याचा निरोप सांगतो. गेलेल्यानं तालमीसाठी शेवटचं काय सांगितलं, ते. बहुतेक वेळा काहीच नसतं. 'पोरांना सांभाळा' असं काहीतरी सांगून लोक मोकळे होतात. पण जे सांगितलं जाईल ते तालीम पाळते. त्यावर चर्चा नाही, मत नाही. आजवर कुणी खोटा निरोप सांगितला असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मारुतीच्या पायावर हात ठेवून, बापाच्या नावानं खोटं कोण बोलेल?

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. "आप्पांचा निरोप ऱ्हायलाय. आधी त्यो होऊ दे."

मी उठलो. मला आठवतंय, उठताना माझं काहीच ठरलं नव्हतं — नाही, हे खोटं आहे. इथं तरी खोटं नको. आदल्या दिवशीपासून ठरलं होतं. लेथवर उभा असताना मी ती वाक्यं मनात घोळवली होती. कुठं थांबायचं, कुठं आवंढा गिळायचा, हेसुद्धा.

मी मारुतीच्या पायावर हात ठेवला. बोटांना शेंदूर लागला. म्हणालो, आप्पांनी शेवटच्या फोनवर सांगितलं — "पोरांना मैदानात उतरवू नका. माणसं वाचली तर खेळ वाचंल. माझ्यासारखं कुणी जाऊ नये."

आणि मग मी रडलो. ते रडणं मात्र खरं होतं, बाप गेला होता माझा. पण खरं रडणं खोट्या कामाला लावता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वस्तादांनी डोळे पुसले. "संपलं. आता कुणी काय बोलायचं न्हाय. आप्पांचा शब्द म्हंजे शब्द."

सगळ्यांनी हात जोडले. दाराशी रणजितनंही जोडले.

स्पर्धा रद्द झाली. पेपरात आमच्या तालमीचं कौतुक आलं. ज्या पेठेशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस, तिथली माणसं हार घेऊन घरी आली. चार महिन्यांनी दुसरी लाट आली, गल्लीगल्लीत माणसं गेली, आणि मग तर आमच्या कौतुकाचं विचारूच नका. तालमीत आप्पांचा मोठा फोटो लागला, खाली ते वाक्य रंगवून: माणसं वाचली तर खेळ वाचेल. पेंटरनं 'वाचंल'चं 'वाचेल' केलं. मी बनवलेलं वाक्य, तेही सुधारून.

तुम्ही आता म्हणाल, मग निर्णय बरोबरच ठरला की. हेच ऐकायला नको म्हणून मी सुरुवातीलाच तुम्हाला लांब बसवलं. बरोबर ठरला असेल. चार जीव वाचलेही असतील. त्याचा माझ्याशी काय संबंध? मी त्या सकाळी कुणाचाही जीव वाचवायला उठलो नव्हतो. स्पर्धा झाली असती तर मी राखीव बाकावर बसलो असतो. आख्ख्या पेठेसमोर, त्या पोराच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. तसं होऊ नये म्हणून मी उठलो. कोरोना नुसता निमित्ताला होता. तो नसता तर मी दुसरं काही शोधलं असतं.

आणि आप्पा फोनवर खरं काय बोलले?

तोंडावर मास्क, त्यातून शब्द तुटक येत होते. मी विचारलं, कसं वाटतंय, जेवलात का. ते त्यांनी ऐकलंच नाही. म्हणाले, "सेमी कवा हाय?" मी म्हटलं, आप्पा, आत्ता कुठली सेमी, सगळं बंद आहे. तर म्हणाले, "व्हईल. व्हईल तवा... त्या शिरोळच्या पोराला हुबा कर. लई गुणाचं हाय. तुझं हात आता उशिरा येत्यात रं." मग दम घेतला आणि म्हणाले, "वस्तादाला माझा निरोप सांग."

निरोप हा शब्द त्यांनी स्वतः वापरला. तो कशासाठी वापरतात ते ठाऊक होतं त्यांना. जन्म तालमीत गेला होता.

मरणाऱ्या बापाचा मला राग आला. ऐकताय ना? तो श्वासासाठी तडफडत होता आणि मला त्याचा राग आला. 'रेंज नाही आप्पा, ऐकू येत नाही' असं म्हणून मी फोन कापला. रेंज होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. म्हणजे माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं तेही खोटंच.

गोव्याच्या क्लबनं दुसरा गोलकीपर घेतला. पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत रणजितला तेवीस पुरी होऊन गेली. आमच्याकडं तो आणखी एक वर्ष खेळला, पण सेमीची जी वाट बघत होता ती बघण्यातच त्याच्यातलं काहीतरी गळून गेलं. आता शिरोळकडं साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. लग्न झालंय. हंगाम सुरू होताना तालमीत नारळ फोडतात, त्याला मात्र दरवर्षी येतो, आप्पांच्या फोटोला हार घालतो.

मागच्या हंगामाला आला होता. कार्यक्रम झाल्यावर आम्ही दोघं तालमीच्या पायरीवर चहा घेत बसलो. इकडचं तिकडचं बोलला, ट्रॅक्टरच्या रांगा, यंदाचं पाणी. मग कपाकडं बघत म्हणाला, "दादा, एक इचारू? आप्पा शेवटी माझ्याबद्दल काय बोललं हुतं का?"

आता आप्पा नव्हते, स्पर्धा नव्हती, माझी जागा नव्हती. गमवायला माझ्याकडं एक खुर्ची होती फक्त. आणि त्याला जे हवं होतं ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं, सगळंच्या सगळं, शब्दाला शब्द.

"न्हाय," मी म्हणालो. "दम लागलता त्यास्नी. पोरांचं तेवढं बोलले."

तो हसला. "न्हाय, म्हंजे रोज बघाय यायचे, म्हणून वाटलं. असू दे." मग कप विसळून खिडकीत ठेवला, माझ्या पाया पडला आणि गाडीला किक मारून गेला.

बैठकीतल्या खोट्याला मी निदान द्वेषाचं कारण देऊ शकतो. ह्या 'न्हाय'ला माझ्याकडं कारण नाही. पाच वर्षं मी शोधलेली सगळी कारणं त्या पायरीवर संपली.

तुम्हाला हे सांगता आलं, कारण तुम्ही रणजित नाही. तुमच्यासमोर काही जात नाही माझं. पुढच्या महिन्यात नारळ आहे. तो येईल, हार घालेल, माझ्या पाया पडेल. मी त्याला आशीर्वाद देईन आणि खुर्चीत बसेन.