निद्राकारक रविवार

भोपाळमधल्या आमच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत मराठी कुटुंबांवर दर रविवारी सकाळी एक संकट कोसळत असे: बाबांच्या साहेबांचं शब्दांवरचं व्याख्यान. साहेब पुण्याचे, आम्ही नागपूरकडचे. आमच्या बोलण्यात 'कमरा' किंवा 'सब्जी' आलं की ते असं नाक मुरडत, जणू आम्ही त्यांच्या ताटात थुंकलो. हाताखालच्या मराठी माणसांनी सहकुटुंब पुढच्या रांगेत बसायचं, हा अलिखित नियम. कारण वर्षाचा शेरा साहेबच लिहीत आणि बाबांची फोरमनची बढती त्या वर्षी त्याच शेऱ्यावर अडकली होती.

बाबांना सारखी रात्रपाळी. दिवसा काही केल्या डोळा लागत नसे. आई दुधात जायफळ उगाळून देई, खिडक्यांना काळं कापड लावी, आम्हा भावंडांना कुजबुजत बोलायला लावी. तरी बाबा छताकडे बघत पडून राहत. पाळीवर यंत्रापुढे डुलकी लागली तर हात जाईल, या धास्तीने आई पार खंगली होती.

त्या रविवारी शब्द होता 'निद्राकारक'. झोप आणणारं ते निद्राकारक, एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. साहेब आधी 'निद्रा'वर बोलले, मग 'कारक'वर, मग अफू आणि खसखशीवर. निद्राकारक औषध म्हणावं, निद्राकारक गादी म्हणू नये, हेही बजावून झालं. जन्मात एक रात्रपाळी न केलेला माणूस आम्हाला झोप शिकवत होता. मला त्यांचा मनापासून तिटकारा आला.

एवढ्यात बाबा घोरू लागले.

साहेब थांबले. "वहिनी, उठवा त्यांना."

सगळे आईकडे बघू लागले. बढती म्हणजे रात्रपाळीतून सुटका, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? तिने बाबांचं कललेलं डोकं सावकाश खांद्यावर घेतलं.

"झोपू द्या न, साहेब. तुम्ही बोलत राहा. थांबलात तर जागे होतील ते."

बढती अर्थातच दुसऱ्याला मिळाली. तो डोळे ताणून प्रत्येक वाक्याला मान डोलवत असे. तसल्या मानेचीच तिथे किंमत होती.

आता तरी रविवार सुटले, असं मला वाटलं. पण पुढच्या रविवारी आईने पिशवीत बाबांची शाल घातली आणि आम्ही पुन्हा पुढच्या रांगेत जाऊन बसलो.