खुंटीवर उभं, डब्यात आडवं

ज्या उन्हाळ्याची ही हकिकत, त्या उन्हाळ्यात जळगाव एवढं तापलं होतं की माझ्या दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळांचे काटे दुपारी सहाच्या आकड्याखाली सावलीला जाऊन बसायचे. पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं खरं आहे, आणि पुढचंच जास्त खोटं वाटणार आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सेलवर चालणारी घड्याळं लोक भाजीबाजारात कांद्याशेजारी मांडून विकायला लागले होते. माझा धंदा दुरुस्तीचा, म्हणजे दिवसभर माशा आणि अधूनमधून गिऱ्हाईक. पण माझी ऐट अशी, की खानदेशात माझ्या हाताखालून न गेलेलं घड्याळ एकच, ते म्हणजे सूर्य. आणि तोही जरा पुढे चालतो असं माझं मत होतं.

अशात फैजपूरकडचे दोन भाऊ आले. एकाच गाडीने आले, पण एकत्र नव्हे. थोरला माझ्या पायरीवर, धाकटा रस्त्यापलीकडे रसवंतीच्या सावलीत. थोरल्याला गाव नाना म्हणायचं, धाकट्याला आप्पा. नानांनी बंडीच्या खिशातून साखळीचं चांदीचं घड्याळ काढलं. वरणाबरोबर खातात त्या बट्टीएवढं, आणि तेवढंच टणक.

"मिस्तरी, एकच सांगा. हे घड्याळ खोटं बोलतं का?"

"घड्याळ कशाला खोटं बोलेल, नाना?"

"मंग माहा भाऊ चोर हाये," नाना म्हणाले, रसवंतीपर्यंत नीट पोचेल अशा बेताने. पलीकडे आप्पांनी उसाच्या रसाचा ग्लास तसाच खाली ठेवला.

भानगड अशी होती. दोघांच्या केळीबागा शेजारी, विहीर एक, डिझेलचं इंजिन एक. त्यांचे वडील, त्यांना घरात आबा म्हणायचे, मरताना सांगून गेले होते की बारा तास थोरल्याचं पाणी, बारा तास धाकट्याचं, आणि मोजायचं ते ह्याच घड्याळावर. ज्याचं पाणी, त्याच्याकडे घड्याळ. पाळी बदलली की इंजिनाच्या खोलीची किल्ली आणि घड्याळ एकदमच दुसऱ्याच्या हातात. घड्याळ आबांकडे कसं आलं ह्याबद्दल गावात मतभेद होते. कोणी म्हणे भुसावळच्या गोऱ्या रेल्वे साहेबाने केळीच्या घडाबदली दिलं. कोणी म्हणे साहेब पत्त्यांत हरला. आणि नानांच्या म्हणण्याप्रमाणे आबांनी साहेबाला वाघापासून वाचवलं होतं. केळीच्या बागेत वाघ कसा आला, हे मी विचारलं नाही. मी स्वतः त्याच धंद्यातला.

पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं. पण आबा गेल्यावरचा दसरा उलटला आणि गडबड सुरू झाली. नानांच्या पाळीत खुंटीला टांगलेलं घड्याळ आणि रेडिओवरच्या बातम्या हातात हात घालून चालायचे. आप्पांच्या पाळीत घड्याळ मागे पडायचं. म्हणजे आप्पांचे बारा तास साडेबारा व्हायचे, कधी त्याहून जास्त. वैशाखात केळीला अर्धा तास पाणी म्हणजे काय, हे ज्याच्या बागेची पानं दुपारी मान टाकतात त्यालाच विचारावं.

"काटे मागं फिरवतो तो," नाना म्हणाले. "आता आखाजी आली. आखाजीले आबाची घागर भरायची. चोराच्या हातचं पानी मी आबाच्या घागरीत पडू देनार नही. तुमी सांगा घड्याळ नीट हाये, की हा आप्पा बिऱ्हाड घेऊन निघाला सासरवाडीले, धुळ्याकडं."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजतात. बापाच्या घागरीपासून मुलाला दूर ठेवणं म्हणजे जमिनीच्या वाटणीपेक्षा मोठी वाटणी.

नाना गेल्यावर आप्पा रस्ता ओलांडून आले. आत आले नाहीत. "मिस्तरी, मी त्याच्या काट्याले बोट लावलं असंल तं हे बोट झडून जाईल," एवढंच म्हणाले आणि बोट दाखवून निघून गेले. मी ते बोट पाहिलं. शाबूत होतं. पण त्यावरून काय सिद्ध होतं?

मी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं. घड्याळाचं काळीज म्हणजे बॅलन्स, डावी-उजवी झुलणारी ती चकती. ती चावीच्या बोंडाखाली, बरोबर माथ्यावर, छान झुलत होती. म्हटलं, उत्तम. तेवढ्यात एक अलार्मचं घड्याळ घेऊन बाई आल्या. त्यांचा अलार्म त्यांच्या सासूबाई बोलायला लागल्या की वाजायचा, अशी त्यांची तक्रार नसून समाधान होतं. तो बंद पडला होता. ते काम करून मी परत ह्या घड्याळाकडे वळलो, तर बॅलन्स बाजूला.

बाजूला म्हणजे बाजूला! माथ्यावरून उठून तीनच्या आकड्याकडे जाऊन बसलेला. मी भिंग पुसलं. डोळे पुसले. शेजारच्या शिंप्याला विचारलं, "आत कोणी आलं होतं का रे?" तो म्हणाला, "तुझ्या दुकानात? कोणी येतं का कधी?" मी फळी लावून जेवायला गेलो, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. परत आलो तर बॅलन्स खाली, सहाच्या आकड्यावर, त्याच मजेत झुलतोय.

तुमच्या घरातलं देवघर सकाळी पूर्वेला आणि दुपारी दक्षिणेला सापडलं तर कसं वाटेल? मला तसं वाटलं. तंबाखू सोडली. संध्याकाळपर्यंत. मग असं ठरवलं की ज्या चौकटीत तो बॅलन्स बसवलाय ती चौकटच सैल झाली आहे आणि घड्याळभर भटकते आहे. औषध सोपं होतं. लाखेचा एक थेंब द्यायचा आणि पठ्ठ्याला जागेवर चिकटवायचा. लाख तापवलीसुद्धा. पण दुसऱ्याच्या बापाचं घड्याळ, त्यात एका माणसाचं घर अडकलेलं. हात पुढे होईना. मी लाख फुंकून थंड केली आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.ने धुळं गाठलं.

धुळ्याला माझे वस्ताद होते. पांझरेच्या पुलाजवळ दुकान, डोळ्यांत मोतीबिंदू, बोली पक्की अहिराणी, आणि बढाईत माझेही बाप. मला पाहताच म्हणाले, "काबर रे? असा तोंड करीसन उना, कोनी मरनं का?"

"वस्ताद, घड्याळाचं काळीज हिंडतंय."

"हिंडस तं हिंडू दे. तू बी तं हिंडस."

मी घड्याळ उघडून दिलं. बॅलन्स आता नऊच्या आकड्याकडे होता. पारोळ्याच्या थांब्यावर मी पाहिला तेव्हा वेगळीकडेच होता. वस्तादांनी बोटाने चाचपलं, कानाला लावलं आणि असे हसले की शेजारच्या दुकानातले लोक उठून आले.

"येड्या, हाई बिघाड नही, कारागिरी शे! मुंबईमा काचनामांगे मी एक देखेल शे. त्याना बॅलन्स एक मिनिटमा एक गिरकी घेस. टूरबियाँ म्हनतस त्याले. त्या लोकेसना भाषामा म्हंजे वावटळ. हाऊ त्याना गरीब चुलतभाऊ. ह्याले एक गिरकीले तासभर लागस."

"पण गिरकी घ्यायचीच कशाला?"

वस्तादांनी आत जेवणाच्या डब्याकडे हात केला. "भाकर तवावर एकच आंगे ठेव. करपी जास. फिरावत ऱ्हा, मंग बठ्ठा आंगे सारखी शेकाई जास. घड्याळ खिसामा उभं ऱ्हास. धरती त्याले एकच आंगे वढस. बॅलन्सना एखादा आंग कणभर जड ऱ्हायना, का घड्याळ पुढे नही तं मांगे. फिरावत ऱ्हायनं, का घडीभर पुढे, घडीभर मांगे, शेवट बराबर. कळनं का?"

"कळलं," मी म्हणालो आणि मान डोलावली. काय कळलं ते सांगतो. खुंटीवर एका जागी टांगलेलं घड्याळ, जे कुठेही जात नाही, त्याच्या आत एक चौकट आयुष्यभर प्रदक्षिणा घालते. का, तर चुका मिटाव्यात म्हणून नव्हे, सगळ्या दिशांना सारख्या वाटल्या जाव्यात म्हणून. असं कोणाच्या डोक्यात आलं असेल? आणि एवढं सगळं असूनही घड्याळ मागे पडत असेल तर?

"म्हणजे घड्याळ चांगलं, वस्ताद? मग तो धाकटा भाऊ चोर?"

"ते मले काय माहीत? मी घड्याळ देखस. मानूस नही."

परतीच्या गाडीत मी अख्खा रस्ताभर आप्पांच्या त्या बोटाचा विचार करत होतो. एरंडोलजवळ एक वावटळ गाडीला आडवी गेली, तिने एका माणसाची टोपी उचलून तिसऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवली, तरी माझं लक्ष नव्हतं.

दुकानात येऊन मी घड्याळ नानांसारखं खुंटीला टांगलं. रेडिओशी बरोबर. मग आप्पा कसं ठेवत असतील? घड्याळाच्या चांदीच्या पाठीवर कापसाचे बारीक तंतू चिकटले होते. पत्र्याच्या डब्यात, सरकीच्या कापसावर, जपून, आडवं ठेवत असणार. मीही तसंच ठेवलं. दुपारपर्यंत घड्याळ दमलं. चालायचं, थबकायचं, परत चालायचं, उसाच्या बैलगाडीसारखं. उभं केलं की नीट. आडवं की मागे. काट्याला बोट लावायला दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि माझंही बोट शाबूत होतं.

मी फिरत्या चौकटीखाली भिंग नेलं. खाली, चौकट जिथे टेकते तिथे, लालसर चिखल. आधी वाटलं गंज. वास घेतला तर तेल. आणि चौकटीच्या कडेवर, गोल, पुसट लाल टिकल्या. एक इथे, एक तिथे, एक अगदी समोर. मी डोकं वर केलं आणि समोर माझाच शेगडा दिसला, म्हणजे काम आवळून धरणारा लोखंडी चाप, आणि त्यावर खंडेनवमीला मीच लावलेलं कुंकू.

मग सगळं उलगडलं. उलगडलं म्हणजे डोकं जास्तच गरगरलं. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपण अवजारं पुजतो. आबा दरवर्षी घड्याळाचं झाकण उघडून माथ्यावर, जिथे माणसाच्या कपाळी लावावं तिथेच, कुंकवाची कोरडी टिकली लावत असणार. पण माथा दरवर्षी वेगळा! खाली चौकट सरकलेली. म्हणून टिकल्या गोलाकार पडल्या. आणि आबा गेल्यावर नानांच्या मनात घड्याळ म्हणजे आबाच. त्यांनी मारुतीला लावतात तसा शेंदूर तेलात कालवून बोट भरून लावला असणार. तो पाझरून चौकटीखाली गेला. घड्याळ उभं असताना चौकट त्या चिखलावर टेकायची नाही. आडवं झालं की सगळा भार त्यात.

म्हणजे पाणी चोरणारा सापडला. ती नानांची भक्ती होती. आता हे नानांना सांगायचं कोणी?

मी घड्याळ सोडवून धुतलं. तो लाल चुरा मात्र गटारात टाकायचा धीर झाला नाही. कागदाची पुडी केली.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोघे आले. ह्या वेळी आप्पा पायरीपर्यंत आले होते, त्यांचं बिऱ्हाड कुठवर बांधून झालं होतं देव जाणे.

"बोला मिस्तरी," नाना म्हणाले. "घड्याळ नीट हाये का नही?"

"आहे आणि नाही," मी म्हणालो. माझी तयारी जोरदार होती, पण तोंडातून तेवढंच निघालं. मी पुडी उघडून पुढे धरली. "हे आत होतं. खंडेनवमीचं. तेलात कालवलेला शेंदूर खाली उतरला. उभं असताना त्रास नव्हता. आडवं ठेवलं की अडायचं. आप्पांनी काटे फिरवलेले नाहीत."

नानांनी पुडीतली चिमूट उचलून नाकाशी नेली.

"म्हंजे मीच," नाना म्हणाले.

मी आयुष्यात हजार थापा मारल्या असतील, पण ऐन गरजेला एक सुचेना. म्हणालो, "तसं नव्हे नाना. हा उन्हाळा. ऊन इतकं, की तेल पातळ झालं..."

"ऊनच ते," आप्पा पटकन म्हणाले. तो माणूस इतक्या दिवसांनी भावाकडे बघून बोलला. "माहा डबा पत्र्याचा व्हता, नाना. तापायचा. त्याच्यानंच झालं."

नानांनी मान वर केली नाही. पुडीवर बोट ठेवलं. "ह्याच्यात आबाच्या हातचं बी हाये?"

"सगळ्यात खालचं त्यांचंच."

नानांनी पुडी नीट दुमडली आणि आप्पांच्या हातात दिली. "घागरीले हेच लाव. तूच लाव. पानी बी तूच भर."

"मह्या पाळीतलं भरू, का तुमच्या?" आप्पांनी विचारलं. चेहरा अगदी सरळ.

नाना एवढे हसले की डोळे पुसावे लागले, का आधी डोळे भरून आले आणि मग हसले, ते मला नीट सांगता येणार नाही. "थांब, घड्याळ पाहून सांगतो," म्हणत त्यांनी घड्याळ उघडलं. पण सवयीने चुकून मागचं झाकण.

"मिस्तरी!" ते ओरडले. "खंडेनवमीले हे वर व्हतं. आता बाजूले गेलं! काय करून ठेवलं तुमी?"

आप्पाही वाकले. दोघांची डोकी एकमेकांना टेकली, तशीच राहिली.

मी मग त्यांना तवा सांगितला, भाकरी सांगितली, वावटळ सांगितली, धरती एका अंगाने ओढते ते सांगितलं. वस्तादांनी सांगितलं त्याहून मी चांगलंच सांगितलं, कारण त्यात मी थोडं माझंही घातलं. "कळलं का?" मी विचारलं.

"कळलं," दोघे म्हणाले आणि दोघांनी मिळून मान डोलावली. अगदी मी धुळ्याला डोलावली होती तशीच.