कारवानी कुत्र्याची अनामत

गेल्या वर्षी फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. रक्कम पंधरा हजार रुपये. विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. हजर: सोसायटीचे अध्यक्ष (निवृत्त सुभेदार), सचिव (कॉलेजात शिकवतात), कमिटीचे आणखी तिघे, फ्लॅटमालक म्हणून मी, आणि माझा भाडेकरू. तो सरकारी कार्यालयात लिपिक आहे, पारधी समाजाचा. मी बदलीमुळे साताऱ्यात राहतो, सभेपुरता आलो होतो.

नवा नियम असा: शिकारी जातीचा कुत्रा पाळायचा तर पंधरा हजार अनामत भरायची, नाहीतर महिन्याभरात कुत्रा हलवायचा. इमारतीत कुत्री दोनच. सचिवांच्या लॅब्राडोरला नियम लागू होत नव्हता. भाडेकरूच्या कारवानीला होत होता. भाडेकरूच्या मुलीची बारावीची परीक्षा चालू होती आणि त्याच दिवसांत त्याला घर राहतंय का, याची धास्ती.

हा कारवानी मूळचा माझा. पिल्लू असताना मीच जतकडून आणला. चार वर्षं तो याच फ्लॅटमध्ये वाढला. लांब पाय, बारीक कंबर. इमारतीतली मुलं त्याला हरीण म्हणायची. सुभेदार रोज सकाळी बिस्कीट द्यायचे. साताऱ्याला नेल्यावर त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, म्हणून परत आणला. भाडेकरूच्या मुलीने भाकरी कुस्करून घातली, ती त्याने खाल्ली. तेव्हापासून तो त्यांचाच.

मी विचारलं, "आजवर तो कुणाला चावलाय का?"

"चावला न्हाई, पण चावंल की," सुभेदार म्हणाले. "शिकारी जात हाय ती. रक्तातच असतंय."

"मग माझ्याकडे होता तेव्हा अनामत का नाही मागितली?"

"आवं साहेब, तुमच्याकडं हुता तवाची गोष्ट येगळी!"

दोघेतिघे हसले. सचिवांनी आवाज उतरवून भर घातली, "कुत्रा कुणाच्या हातात आहे तेही बघावं लागतं ना."

मी म्हणालो, "मग कुत्रा माझ्या नावावर लिहा. अनामत मी भरतो."

"तुमच्याकडनं कशाला घ्यायची?" सुभेदार म्हणाले. "तुमी आपलं मानूस."

मला वाटलं, मिटलं. तेवढ्यात भाडेकरू बोलला.

"न्हाई साहेब. कुत्रं माझ्या दारात ऱ्हातं, माझी पोरगी फिरवती. तुमच्या नावावर कशाला?" मग तो सुभेदारांकडे वळला. "माझ्या आज्याला मुक्काम हलवायचा झाला की पाटलाकडं हजेरी द्यावी लागायची. त्यानं कुणाचं काय चोरलं म्हणून न्हवं, पारधी म्हणून. ही अनामत मला तशीच वाटती. दोन्ही कुत्र्यांना लावा, मी आत्ता भरतो."

"आमच्या लॅब्राडोरनं काय केलंय?" सचिव म्हणाले.

"आमच्या तरी कुत्र्यानं काय केलंय, सर?"

सुभेदारांनी नियम मताला टाकला. नियम मंजूर झाला. कमिटीचे पाच हात वर गेले, पाचही.

माझं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं. आधी नोंद बघायची, मग शेरा मारायचा, ही सवय. इथं कुत्र्याच्या नावावर एक नोंद नव्हती, माणसाच्याही नव्हती, आणि शेरा दोघांवर आधीच मारलेला होता. मी भाडेकरूला म्हणालो, आपण वर तक्रार करू. तो म्हणाला, "तुमी साताऱ्याला जाल. जिन्यात ही तोंडं पोरीला रोज बघायची हायत."

परीक्षा संपल्यावर त्याने मिरजेच्या रस्त्याला अंगण असलेलं घर भाड्याने घेतलं. मालकीण म्हातारी, एकटी. तिने एकच विचारलं: "आमच्या मांजराच्या वाटंला जात न्हाई न्हवं?"

मार्चअखेर मी किल्ली घ्यायला गेलो. फ्लॅट झाडून ठेवलेला होता. भाडेकरूने दाराच्या खालच्या बाजूचे ओरखडे दाखवले. "ह्याच्या रंगाचं भाड्याच्या अनामतीतनं कापून घ्या. दीड हजार तरी जातील."

मी वाकून बघितलं. ओरखडे जमिनीपासून वीतभर उंचीवर होते.

"हे पिल्लू असतानाचे आहेत," मी म्हणालो. "माझ्या वेळचे."

तो पहिल्यांदाच हसला. कुत्रा टेम्पोत मुलीच्या पायाशी बसला होता. मी हाक मारली तेव्हा त्याने शेपटी हलवली, पण खाली उतरला नाही.

पंधरा हजार कुणीच भरले नाहीत. भाड्याची अनामत चाळीस हजार रुपये, एक पैसाही न कापता, मी त्याच दुपारी भाडेकरूच्या खात्यावर भरली.