पायाळू काकीची लाथ आणि मेडिकल बोर्ड

"हसू नका, हवालदार. कंबर कशी गेली ते नीट सांगा," बोर्डाचे डॉक्टर साहेब म्हणाले.

मी हसत नव्हतो. टेबलाची कड धरून उभा होतो. कण्हणं दाबलं की माझा चेहरा हसल्यासारखा दिसतो, त्याला मी काय करू?

मी फौजेत मेकॅनिक. रणगाडे दुरुस्त करायचे. रणगाडा म्हणजे रागावलेलं घर. त्याच्या पोटात शिरायचं, आतडी बाहेर काढायची, पुसायची आणि परत भरायची. मी नुसता कान लावला तरी इंजिन आपला आजार स्वतः सांगत असे. एकदा तर एका इंजिनाने मला नावाने हाक मारली होती. जाऊ द्या, तुमचा विश्वास नाही बसायचा.

कंबर गेल्यावर मला स्टोअरमध्ये बसवलं. बसवलं म्हणजे नुसतं म्हणायला, मला बसताच येत नव्हतं. मग मी अपंगत्वावर निवृत्ती मागितली. त्यासाठी मेडिकल बोर्ड. तीन डॉक्टर तुम्हाला तपासतात आणि ठरवतात, अपंगत्व किती, ते कायमचं आहे का, आणि ते नोकरीमुळे आलं का. खरी मेख तिसऱ्या प्रश्नात. नोकरीमुळे आलं तरच अपंगत्वाची पेन्शन. नाहीतर साधी पेन्शन घ्या आणि घरी जा.

आलं होतं नोकरीमुळेच. चेन-पुलीला गिअरबॉक्स टांगला होता. वजन म्हणाल तर आमच्या गावचं देऊळ आणि त्याच्या कळसावर बसलेला सरपंच. साखळी घसरली. मी खालून पाठ लावली. पाठीत काहीतरी कडकन वाजलं आणि मी ओरडलो. माझा आवाज माथेरानवर ऐकू गेला असणार, पण वर्कशॉपमध्ये ऐकायला फक्त उस्ताद होते. उस्ताद म्हणजे आमचे सीनियर.

"एमआय रूममध्ये जातो," मी म्हणालो. एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना.

"कल इन्स्पेक्शन है बेटा," उस्ताद म्हणाले. "आज अॅक्सिडेंट लिहिला तर सगळं वर्कशॉप उभं राहील जवाब द्यायला. तुझी सुट्टी साइन करतो. घर जा, आराम कर."

आमच्याकडे रीतच तशी. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी कुणाचं काही मोडत नाही.

मी घरी आलो. आमचं गाव खालापूर तालुक्यात, पण रेल्वेला उतरायचं कर्जतला. तिथून मिनीडोरमध्ये, म्हणजे सहा सीटच्या रिक्षात, मागच्या सीटवर आडवा पडून आलो. प्रत्येक खड्ड्याला मी देवाचं नाव घेत होतो आणि माझ्यापुढे बसलेल्या बाया पाया पडत होत्या. त्यांना वाटलं, कुणीतरी महाराज आलेत.

भिमाकाकी अंगणात उभी होती. माझी सख्खी चुलती. आईच्या मागे मला वाढवलं ते तिनंच. काकी पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने कमरेवर लाथ मारली की उसण जाते, हे आमच्याकडे डॉक्टरच्या मुलांनाही ठाऊक असतं. नेरळपासून खोपोलीपर्यंतचे वाकलेले लोक काकीच्या दारात येत आणि सरळ होऊन जात.

"काय रं दत्त्या, धनुष्य झालास की," काकी म्हणाली.

"उसण भरली गं."

"आडवा व्हतो का उबाच मारू?"

तिने उजव्या पायाने लाथ मारली. खरं सांगायचं तर ती लाथ नव्हतीच. लहान मुलाला झोपवताना थोपटतात, तेवढीच. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पाय बधिर झाले. मणक्यातली गादी आधीच सरकली होती, ती आता पुरती बाहेर आली.

हेच मी बोर्डापुढे सांगायला हवं होतं. पण तिघेही डॉक्टर गंभीर तोंडाने बसलेले. मला गंभीर तोंडं बघवत नाहीत. मी गिअरबॉक्स एका वाक्यात उरकला आणि काकीच्या लाथेवर आलो. पत्रे कसे उडाले, कोंबड्या कशा आंब्यावर चढल्या, मी उडून शेजाऱ्याच्या भातखाचरात कसा पडलो. डॉक्टर साहेब पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी लिहून घेतलं. सुट्टीवर असताना घरी कमरेवर लाथ. नोकरीशी संबंध नाही.

गिअरबॉक्सचा कागद कुठेच नव्हता. उस्तादांना फोन केला. ते पेन्शनवर गेले होते.

"उस्ताद, ती साखळी आठवते ना?"

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग, "बेटा, याद नहीं."

अपील करायचं ठरलं. वकील म्हणाले, "तुम्ही घरी आलात तेव्हा आधीच वाकलेले होतात, हे पाहणारं कुणी आहे? त्याचं प्रतिज्ञापत्र करू."

पाहणारी एकच. काकीला घेऊन मी खालापूरला गेलो. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाटेत मी तिला दहादा पढवलं. ती नुसती मान हलवत होती.

वकिलांनी विचारलं, "आजी, हा घरी आला तेव्हा कसा होता?"

काकी उठून उभी राहिली. हात जोडले.

"लिवा सायब. माज्या लाथंनं पोराचं वाटोळं झालं. त्याची नोकरी गेली ती माज्यामुळं. मला काय शिक्षा द्याची ती द्या."

वकिलांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

बाहेर येऊन चहा घेतला. काकीने कपाला तोंड लावलं नाही.

"काकी, लाथंनं काय नाय झालं गं. गिअरबॉक्स पडला व्हता."

"मंग वरीसभर गावाला काय सांगत व्हतास? कर्जतच्या वडापावच्या गाडीवर, लग्नात, बारशाला? मी पाणी भराया जायाची तर बाया इच्यारायच्या, काय गं भिमे, फौजी मोडलास म्हनं."

"अगं, ती गंमत व्हती."

"आन आता माजं मन राखाया ही गिअरबॉक्सची थाप मारतोस व्हय?"

मी शपथ घेतली. आईची घेतली. काकीने पदराने डोळे पुसले. "तुजं कायच खरं नसतं रं दत्त्या," ती म्हणाली. तेही मायेनेच.

अपील फेटाळलं गेलं. साधी पेन्शन येते, तिच्यावर भागतं. कमरेला पट्टा बांधून मी गावभर फिरतो. काकीने मात्र त्यानंतर कुणालाही लाथ मारलेली नाही. परवा शेजारचा गणपा उसण भरून दुमडलेला आला, तर तिने आतून कडी घातली. "पाय दुकतात माजे," म्हणाली. पाय ठणठणीत आहेत. भातलावणीला ती अजून सगळ्यांच्या पुढे असते.

भरतीला निघालेली मुलं माझ्याकडे सल्ल्याला येतात. मी एकच सांगतो, दुखलं की आधी एमआय रूम, मग काकी. आणि डॉक्टरला कधी हसवू नका.

मुलं खो खो हसतात.