रिकाम्या विहिरीतले तीन ठोके

१९५८ च्या मे महिन्यात, दुपारी एकच्या सुमारास, केंदूरच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीतून पहारीचे तीन ठोके ऐकू आले. त्या वेळी विहिरीत माणूस नव्हता. पहारही नव्हती.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तेव्हा मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो; दोघांकडून खात्री केल्याशिवाय ओळ छापायची नाही, ही सवय. म्हणून जे पाहिलं, ऐकलं, तेवढंच लिहितो.

रजेवर गावी गेलो होतो. आप्पा — माझे वडील — नवी विहीर पाडून घेत होते. चाळीस फूट गेले तरी कोरडीच. काम शिरूरच्या रसूलमामांकडे होतं. ते वर दोर सांभाळत. खाली त्यांचा एकुलता मुलगा दस्तगीर, बावीस वर्षांचा, लग्न ठरलेला.

खोल विहिरीत हाक नुसती घुमते, शब्द कळत नाहीत. म्हणून ही मंडळी कातळावर पहार ठोकून बोलत. एक ठोका — दगडांची पाटी ओढा. दोन — मला वर घ्या. तीन — कुणी उतरू नका, सुरुंगाचा बार अजून जिवंत आहे.

त्या दिवशी सुरुंगाचे पाच बार भरले होते. वाती पेटवून दस्तगीर वर आला, आम्ही सगळे लांब लिंबाखाली गेलो. रसूलमामा मोठ्याने मोजत होते. पाच झाले. मीही पाचच मोजले.

धूर निवळल्यावर दस्तगीर दोराच्या फासात बसला.

"आप्पा, आज पानी लागलं तर मला काय?"

"तुझ्या वरातीला घोडं माझ्याकडनं."

"घोडं नगं, मला बसता येत न्हाई. बैलगाडी द्या!"

त्याचे पाय आत लोंबत होते, तेवढ्यात खालून आवाज आला. ठण्... ठण्... ठण्.

रसूलमामांनी दोर आवळला. "वर ये."

"अब्बा, मी तर हितं हाय. खाली कोन ठोकतंय?"

"दगुड निसटला आसंल," आप्पा म्हणाले.

"दगुड असा मोजून पडतो व्हय, आप्पा?"

पुन्हा तीन. तेवढ्याच अंतराने. आप्पांनी दस्तगीरचा दंड धरून त्याला काठावर ओढला. मी वळून पाहिलं — दोन्ही पहारी लिंबाला टेकून होत्या.

"पाच झालेत की, अब्बा. उगंच खोळंबा."

"आपल्या मोजनीत झालेत. ज्यानं ठोकलं त्यानं न्हाई म्हटलंय. चल तिकडं, गप बस."

लिंबाखाली जाऊन दहा-एक मिनिटं झाली असतील. विहिरीत बार उडाला. दगडाच्या कपऱ्या आमच्या पायाशी येऊन पडल्या. मग शांतता... आणि मग खळखळ.

रसूलमामा रांगत काठापर्यंत गेले, खाली पाहिलं आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "आप्पा! पोरगं बी हाय आन् पानी बी हाय!"

आप्पांनी डोक्यावरचं पागोटं काढून हवेत उडवलं. त्यांना असं करताना मी आधी पाहिलं नव्हतं.

दोन शेतं सोडून आणखी एक विहीर पाडली जात होती. तिथे चौकशी केली. त्यांनीही त्याच वेळी एक बार उडवला होता. आम्ही पाचवा म्हणून मोजला तो त्यांचा. आमचा एक आत धुमसत राहिला होता. ठोके मात्र त्यांचे नव्हते. बार उडवून ते लगेच गावात जेवायला गेले होते — दोघांना वेगवेगळं विचारलं, दोघांनी तेच सांगितलं. पुढे खाणीत काम केलेल्या माणसांनाही विचारलं. ठोक्यांचा खुलासा आजतागायत मिळालेला नाही.

दिवस मावळायच्या आत विहिरीत कमरेइतकं पाणी चढलं. पहिली घागर भरायला दस्तगीर स्वतः उतरला आणि भरलेल्या घागरीसकट वर आला.