गोजराने चुलीला लावलेली माती

जासईत लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी गोजराला सांगावा जायचा. ती आमच्या गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाणाऱ्या या बाईचा मान भटजीच्या बरोबरीचा, आणि गोजरा तर भटजीलाही दटावायची. मांडवातली चूल तिने सारवल्याशिवाय पेटत नसे. आवाज खरखरीत, जीभ तिखट आणि फुशारकी मारायची भारी हौस. तिची फुशारकी ऐकायला आम्हालाही आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू.

पोटासाठी मात्र ती बेलापूरकडच्या एका प्रयोगशाळेत जायची. उमेदीची वर्षं मिठागरात चिखल तुडवण्यात गेली. मिठागरं भरावाखाली गेल्यावर, तिथे माती मळायला बाई हवी आहे असं कळलं आणि ती चिकटली. काम असं, की पोलादाच्या पट्ट्या ओल्या मातीत ठासून बसवायच्या, खारं पाणी सोडायचं आणि डबा बंद करायचा. काही महिन्यांनी साहेब पट्टी बाहेर काढून किती गंजली ते बघत. अणुभट्टीचा कचरा उद्या जमिनीत खोल पुरायचा झाला, तर तो पोलादी पिंपात भरून भोवती हीच माती ठासायची, असा बेत होता. ही माती पाण्याने फुगते, फटी बुजवते आणि पाण्याला पिंपापर्यंत सहज पोचू देत नाही. तरी पोलाद किती वर्षं टिकेल, तेवढं शोधायचं होतं.

खुद्द कचरा त्या इमारतीत कधी आलाच नव्हता. साहेबांनी तसं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण गावात सांगताना गोजरा नेमकं तेवढंच गाळायची. "अनूच्या कचऱ्याचा काम हाय माजा," म्हणायची, आणि बायका तोंडावर पदर घ्यायच्या. तिला त्यात मजा वाटायची.

शहाण्णवच्या वैशाखात नामदेवच्या पोरीची, यमुनेची हळद होती. नामदेव न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात कामाला. गोजराने त्याच्या मांडवातल्या चुलीसाठी साहेबांना विचारून गोणीतली उरलेली कोरी माती पिशवीभर आणली. एवढी चिवट माती, हिला तडा कसला जातो, असं तिचं गणित. बिचारीने ती माती एकदा भिजवल्यावर पुन्हा सुकलेली कधी पाहिली नव्हती. डब्यात ती कायम ओलीच असायची.

चूल पेटली, मटणाचं पातेलं चढलं, पहिली पंगत बसली आणि गोजराने धवला धरला. दुसरं कडवं संपत नाही तोच चुलीच्या तोंडाशी बोटभर रुंद भेग पडली. मग दुसरी. माती सुकून आक्रसत गेली, काठ उलले आणि एक खपली फट्‌ करून उडाली ती थेट पातेल्यात.

गाणं थांबलं. लग्नाची चूल फुटणं हाच मुळात अपशकुन. यमुनेची आई पुतळा पुढे आली. तिने जमिनीवरची एक खपली उचलली आणि दोन बोटांत चुरडली.

"ही आपल्या बांधाची माती नाय. कुटची हाय गो?"

गोजरा खोटं बोलणारी नव्हती. "माज्या कामावरची," ती म्हणाली.

पंगतीतल्या माणसांचे हात ताटातच राहिले. मी दोन भाकऱ्या संपवून बसलो होतो. हातातली तिसरी मी हळूच ताटाखाली सरकवली. नामदेवचा चेहरा उतरला. यार्डात कवटीचं चित्र असलेली पिंपं त्याने पाहिली होती, त्यांच्या जवळ जायलाही मनाई असे.

"कोरी हाय रं माती," गोजरा म्हणाली. "तिथं कचरा येतच नाय. सायेब बोलले मना."

"सायेब बोलले," नामदेव म्हणाला. "रोज तर तूच बोलतंस, कचऱ्याचा काम हाय."

पुढे या गावात धवला गायला तिला कुणी बोलावणार की नाही, ते आता त्या पातेल्यावर ठरणार होतं. हे तिला कळत होतं, आम्हालाही कळत होतं.

तेवढ्यात तिची सून मनस्वी उठली. सातवा महिना चाललेला. सासूची अशी शोभा तिला बघवेना. तिने ताट घेतलं, पातेल्यातून स्वतःच वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर पाटावर बसली. "माजी सासू माजं वाईट करील काय?" एवढंच म्हणाली आणि घास उचलला.

गोजराने झेप घेतली आणि ताट उडवलं.

रस्सा पार नवरीच्या पाटापर्यंत उडाला. पुतळाने खाली बघितलं, मग नामदेवने दोघांना खूण केली आणि पातेलं उचलून खाडीकडे नेलं गेलं. आता कुणालाच काही विचारायचं उरलं नव्हतं. मला तिचा रागही आला आणि पोटातून कणवही आली. माती निर्मळ होती, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी ते खात्रीने सांगू शकणारी एकच बाई मांडवात होती, आणि ऐन वेळी तिचीच खात्री उडाली.

हळद शेजारच्या गावातल्या धवलारीण जाईबाईने उरकली. गोजरा घरी ओट्यावर बसून होती. मनस्वी हातपाय धुऊन तिच्याजवळ टेकली. भांडायचा तिचा सूर नव्हता.

"आय, रोज कामावरनं येऊन याच हातांनी माजी पाठ चोळता," ती म्हणाली. "तवा कंदी भ्या नाय वाटला?"

गोजराने दोन्ही हात पदराखाली घेतले.